भिंतीत घातलेले दात

भट्टी विझवायची असं ठरलं तेव्हा आईने भांडण काढलं. खटल्यावरून नाही, खटल्याला ती एव्हाना सरावली होती. भांडण निखाऱ्यांवरून.

"तुझे बाबा गेले त्या दिवशीसुद्धा मी ही थंड होऊ दिली नव्हती," ती म्हणाली. "माणसं भेटायला येत होती आणि मी मधूनच उठून निखारे झाकून येत होते. ज्याला जे म्हणायचं ते म्हणाला असेल. आणि तू म्हणतेस विझव? कुणासाठी? त्या बाळ्यासाठी?"

"बाळ्यासाठी नाही गं. कोर्टाने पाहणीला माणूस नेमलाय. त्याला भट्टीत डोकं घालून बघायचंय."

"मग घालू दे की तापल्या भट्टीत. परत बघायला मागणार नाही."

ठिणगी हसली नाही, पण तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. आईला तेवढं पुरलं. ती पुटपुटत उठली आणि लांब दांड्याचा खोरा घेऊन निखारे पुढे ओढायला लागली.

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा एवढीशी होती, जगते की नाही अशी, आणि बाबांनी तिला कामावरच्या भट्टीशेजारच्या उबेत ठेवून जगवलं, म्हणून ठिणगी. पुढे ती इतकी अबोल निघाली की गल्लीतल्या लोकांना त्या नावाचं हसू यायचं. आता ती शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची. वर्गात तिने कधी आवाज चढवला नाही. मुलाला फळ्याजवळ उभं करायचं, प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं, एवढीच तिची रीत. त्या गप्प बसण्याला मुलं छडीपेक्षा जास्त घाबरत.

घर मुळात अप्पांचं. अप्पा म्हणजे गावातले सगळ्यात नावाजलेले गवंडी. पुढे रस्त्याला लागून एक मोठी खोली, मागे राहायला दोन, आणि त्यांच्यामध्ये एक जाड भिंत. वीटन् वीट अप्पांनी स्वतः रचलेली. बाबा तेव्हा दुसऱ्याच्या बेकरीत पीठ मळायचे आणि आपली भट्टी असावी हे स्वप्न उराशी बाळगून होते. अप्पांना बायकोच्या आजारपणासाठी पैसा हवा होता. दोघे एका संध्याकाळी मागच्या अंगणात उभे राहिले, किंमत ठरली, दर महिन्याला थोडं थोडं द्यायचं ठरलं, आणि अप्पांनी बाबांचा हात हातात घेऊन एकदा घट्ट दाबला. झाला व्यवहार. कागद कुणी मागितला नाही. बाबांना वाटलं, कागद मागितला तर अप्पांना वाईट वाटेल. अप्पांना वाटलं, कागद पुढे केला तर बाबांना वाटेल आपल्यावर विश्वास नाही. दोन भल्या माणसांनी एकमेकांची मनं जपली आणि पुढच्या पिढीच्या गळ्यात धोंडा बांधला.

शेवटचा हप्ता चुकता झाला त्या दिवशी अप्पा चहा पिऊन उठले आणि म्हणाले, "संपलं. आता इथे यायचं तर मला विचारून यावं लागेल." सगळ्यांना वाटलं थट्टा आहे. पण दुसऱ्या दिवसापासून ते खरंच उंबऱ्याबाहेर उभे राहायला लागले. "येऊ का आत?"

बाबा ओशाळून जायचे. "अहो अप्पा, तुमचंच घर आहे."

"होतं," अप्पा म्हणायचे, आणि आतून कुणी 'या' म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचे नाहीत.

बाळ्या हा अप्पांचा एकुलता मुलगा. ठिणगीहून थोडा मोठा. लहानपणी शाळा सुटली की बापाच्या मागे मागे हिंडायचा, पोटभर पाव खायचा आणि ठिणगीला वेण्या ओढून रडवायचा. तरणा झाल्यावर तो मोठ्या शहरात गेला, तिथे कंत्राटं घ्यायला लागला, आणि अप्पा गेल्यानंतर परत आला तो पांढरे बूट घालून. रस्ता रुंद होणार अशी बातमी होती. बेकरीच्या डावीकडची जागा त्याने घेतली, उजवीकडची घेतली, आणि मग मधल्या जागेकडे बघून त्याला आठवलं की ती तर आपल्याच वडिलांच्या नावावर आहे.

आधी तो गोड बोलून गेला. मग नोटीस आली. तुम्ही भाडेकरू, दर महिन्याला देत होता ते भाडं, पुढे वडिलांनी माणुसकीपोटी भाडं घेणं सोडलं, आता जागा रिकामी करा. आईने ती नोटीस ऐकली आणि एवढंच म्हणाली, "माणुसकी म्हणे. हा शब्द ह्याला कुणी शिकवला?"

पण वकीलबाई हसल्या नव्हत्या. बुटक्या, गोल चष्म्याच्या, पिशवीत सदा पावाचा तुकडा बाळगणाऱ्या ह्या बाई ठिणगीबरोबर शाळेत शिकलेल्या मैत्रीण. त्यांनी स्वच्छ सांगितलं, "दोन्ही हात दाबणारे गेले. हप्ता म्हणा की भाडं म्हणा, पैसा दिसायला सारखाच. राहिल्या तुम्ही दोघी, आणि तुम्ही तर आपल्याच बाजूने बोलणार. कोर्ट विचारेल, विकणारा माणूस विकल्यासारखा वागला का? ते सांगणारं कुणी तिकडच्या बाजूचं मिळालं तर सोनं."

"भट्टी आहे," ठिणगी म्हणाली.

"भट्टी बोलत नाही."

"बोलते. पण बाळ्यादादालाच ऐकू येईल."

मग तिने वकीलबाईंना समजावलं. अप्पा गावभर भट्ट्या बांधायचे, आणि त्यांचा एक नेम होता. बेकरी भाड्याच्या जागेत असेल तर भट्टी सुटी. भिंतीपासून हातभर लांब, खाली रेतीचा थर, भिंतीला कुठेही चिकटलेली नाही. जागा सोडायची वेळ आली की भाडेकरूने आपल्या विटा काढाव्यात, गाडीत भराव्यात आणि जावं. मालकाच्या भिंतीला ओरखडा उठता कामा नये. कोपऱ्यावरचा बेकरीवाला असाच गेला होता, आख्खी भट्टी गाडीत घालून. पण जागा स्वतःची असेल तर अप्पा भिंतीतली एकाआड एक वीट अर्धी तोडायचे आणि भट्टीच्या कवचाची वीट त्या खाचेत बसवायचे. ह्याला ते दात घालणं म्हणायचे. बोटांत बोटं अडकवावीत तसं. मग ती भट्टी त्या भिंतीची झाली. काढायची तर भिंतही जाणार. ज्याला उद्या जागा सोडायची आहे त्याच्यासाठी अशी भट्टी कुणी बांधत नाही, आणि ज्याची भिंत आहे तो ती दुसऱ्याला अशी फोडू देत नाही.

"आणि तुमची?"

"आमच्या भट्टीला दात आहेत. हात दाबला त्याच आठवड्यात अप्पांनी घातले. मी विटा उचलून देत होते. मला म्हणाले, आता भिंत तुमची, आता घालतो."

"हे तू सांगून चालणार नाही. तू त्या वेळी फ्रॉकमध्ये होतीस."

"म्हणून तर म्हणते, त्याने सांगायला हवं."

"तो कशाला सांगेल? त्याच्या अर्जात तर लिहिलंय की भट्टी तुम्ही मालकाला न विचारता परस्पर बांधली. 'अकुशल हातांनी, भिंतीला धोका पोचेल अशी.' हे बघ."

ठिणगीने ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. "हे वाक्य बाळ्यादादाने वाचलेलं नाही," ती म्हणाली.

"खाली सही आहे त्याची."

"वाचलं असतं तर सही केली नसती. तो खोटं बोलेल, जागा बळकावेल, सगळं करेल. पण अप्पांच्या हाताला अकुशल? लहानपणी कुणी अप्पांच्या भिंतीला टेकून उभं राहिलं तरी हा मारायला धावायचा. पाहणीत हे वाक्य मोठ्याने वाचलं गेलं पाहिजे. भट्टीसमोर. त्याच्या देखत. आपण मध्ये बोलायचं नाही."

वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला. "हा पुरावा नव्हे, ठिणगे."

"नाही. प्रयोग आहे."

"आणि फसला तर?"

ह्याचं उत्तर दोघींनाही ठाऊक होतं. फसला तर पाहणीच्या कागदावर एवढंच राहणार की भाडेकरूंनी मालकाची भिंत फोडली. मग घर जाणार.

दुसरी एक भीती तिने कुणालाच सांगितली नाही. वीट तापली की फुगते आणि निवली की आकसते. बाबांच्या काळापासून सतत तापलेली भट्टी आता पहिल्यांदा पूर्ण आकसणार होती, आणि ती भिंतीत दातांनी अडकलेली होती. अडकलेली वस्तू आकसली की तडकते. वर्गात ती हे धातूच्या पट्ट्या घेऊन शिकवायची. अप्पांनी ह्यावर उपाय केला होता, हे तिला माहीत होतं: आतलं पोट वेगळं, बाहेरचं कवच वेगळं, मध्ये चाळलेल्या राखेचा जाड थर. पोटाने हवं तेवढं फुगावं, हवं तेवढं आकसावं, राख ते गिळून टाकणार आणि कवचाला पत्ताही लागणार नाही. कागदावर हे पटत होतं. पण अप्पा गेल्यापासून त्या राखेला कुणी हात लावला नव्हता, आणि राख दर वर्षी थोडी खाली बसते.

बेकरीचं दार बंद राहिलं. लोक येऊन फळीवर टकटक करायचे. "काकू, पाव नाही?"

"कोर्टाला विचार," आई आतून ओरडायची.

भट्टी निवत होती. आई तिच्याजवळ स्टूल घेऊन बसायची आणि तापकऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा भिंतीवर हात ठेवायची. भट्टीतून मधूनच बारीक 'टक्' असा आवाज यायचा आणि दोघी एकमेकींकडे बघायच्या.

"ही रडतेय," आई म्हणाली.

"विटा बसतायत, आई."

"तेच म्हणते मी."

भट्टी पार गार झाली तेव्हा ठिणगीने आत दिवा धरून घुमट पाहिला, मग बाहेर येऊन भिंत पाहिली, वरपासून खालपर्यंत, बोट फिरवत. कुठे केसाएवढीही भेग नव्हती. तिने भिंतीला कपाळ टेकलं.

पाहणीला माणसं सकाळी आली. कोर्टाने नेमलेले साहेब उंच, वाळके, नाकाला रुमाल लावलेले. बाळ्याचा वकील खांद्यावर कोट टाकून. वकीलबाई पिशवीसकट. आणि मागून पांढरे बूट घातलेला बाळ्या. सगळे उंबऱ्याशी घुटमळले, तो तेवढा न विचारता सरळ आत आला.

"ये, ये," आई म्हणाली. "दार तुझ्याच बापाने बसवलंय. विचारायचं काय त्यात. तो बिचारा विचारायचा."

"काकू, कोर्टाचं काम आहे. आपण नंतर बोलू."

"नंतर कुठे बोलणार? रस्त्यावर?"

"आई," ठिणगी म्हणाली, आणि आईने तोंड मिटलं.

साहेबांनी आत डोकं घालून विजेरीने भट्टीचं पोट पाहिलं. मग त्यांनी पिशवीतून छोटी छिन्नी काढली आणि भट्टी भिंतीला मिळते तिथला गिलावा हळूहळू खरवडला. पांढऱ्या पापुद्र्याखालून लाल विटा दिसायला लागल्या. एक वीट भट्टीतून भिंतीत गेलेली, तिच्याखालची भिंतीतून भट्टीत आलेली, पुन्हा एक आत, एक बाहेर. सांधे इतके सारखे की शिवणयंत्रावर टीप मारल्यासारखे. बाळ्या त्या सांध्यांकडे टक लावून बघत राहिला. त्याने हे काम कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

"बघा साहेब," त्याचा वकील पुढे झाला. "चक्क भिंत फोडून भट्टी घुसवली आहे. नोंद करा. अर्जात आम्ही हेच म्हटलंय." त्याने कागद डोळ्यांजवळ धरला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "'सदर भट्टी प्रतिवादींनी मालकाच्या अपरोक्ष, अकुशल हातांनी, भिंतीच्या सुरक्षिततेचा यत्किंचितही विचार न करता बांधली आहे.'"

वकीलबाईंनी तोंड उघडलं. ठिणगीने त्यांच्या कोपराला नुसतं बोट लावलं. त्यांनी तोंड मिटलं.

"साध्या भाषेत सांगायचं," वकिलाला कुणी अडवलं नाही म्हणून जोर आला, "तर कुणा अडाण्याचं काम आहे. अशी भट्टी भिंतीला चिकटवली की सगळी धग भिंतीत. आतून भिंत जळून भुगा झाली असणार. वरचं छप्पर कधी खाली येईल सांगता येत नाही."

"काय म्हणालात?" बाळ्याने विचारलं.

"भुगा झाली असणार."

"त्याच्या आधी."

"अडाण्याचं काम. का?"

बाळ्याच्या मानेची शीर ताठली. "भुगा कसा होईल? धग भिंतीत जातच नाही. मध्ये राख आहे."

"कुठली राख? इथे कुठे राख दिसत नाही."

"दिसायला ती काय बाहेर लावलीय?" बाळ्या वकिलाला बाजूला सारून पुढे गेला, भट्टीच्या तोंडाच्या डाव्या खांद्यापाशी वाकला, चुन्याने रंगवलेल्या विटांवरून बोटं फिरवली. डोळ्यांनी नव्हे, बोटांनी शोधलं त्याने. एका विटेवर तळहाताच्या टाचेने ठोसा मारला. वीट हलली. दुसरा ठोसा मारून त्याने ती कडेने धरून ओढली आणि अलगद बाहेर काढली.

त्या भोकातून करडी, पिठासारखी मऊ राख झुळझुळत बाहेर आली आणि त्याच्या पांढऱ्या बुटांवर पडली.

"ही बघा," तो म्हणाला. त्याने चिमूटभर राख बोटांत चोळली आणि साहेबांच्या पुढे धरली. "चाळलेली आहे. एक खडा सापडणार नाही. ही वीट चुन्यात नाही, मातीत बसवलीय, काढता यावी म्हणून. राख खाली बसली की इथून भरायची. भिंतीला धग लागेलच कशी? अडाणी म्हणे! दर वर्षी अप्पा इथून—"

तो थांबला.

बाहेर कुणीतरी फळीवर टकटक केली आणि पाव नाही हे आठवून निघून गेलं.

साहेबांनी नाकावरचा रुमाल काढला. "तुम्हाला ही वीट कशी माहीत?"

"उत्तर द्यायची काही गरज नाही," वकील घाईघाईने म्हणाला.

बाळ्या हातातल्या विटेकडे बघत होता. तिच्या पाठीवर ओल्या मातीत कधीतरी उमटलेला अंगठा वाळून राहिला होता, रुंद, नखाशी तुटका. अप्पांचा अंगठा कुठल्याशा हातोडीखाली सापडला होता हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

"मी पिशवी धरायचो," बाळ्या म्हणाला. "राखेची. अप्पा भरायचे."

"म्हणजे भट्टी त्यांच्या माहितीतली?"

"साहेब, माझे अशील भावनेच्या भरात—"

"तुम्ही गप्प बसा हो," बाळ्या वकिलाकडे वळला. "अडाणी कुणाला म्हणालात?"

"अहो, ती अर्जाची भाषा असते. तुमचीच सही आहे खाली."

"माझ्या बापाला अडाणी म्हणायची भाषा असते? मी जागेची सही केली होती, ह्याची नाही." तो साहेबांकडे वळला. "लिहा. अप्पांनी बांधली. स्वतःच्या हातांनी. अशी भट्टी ह्या गावात दुसरी कुणाला बांधता येत असेल तर दाखवा मला."

साहेबांनी लिहिलं. ते लिहीत असताना वकीलबाई पिशवी सावरत अगदी सहज म्हणाल्या, "साहेब, एकच विचारू का? अप्पांनी भाड्याच्या जागांमध्येही भट्ट्या बांधल्या असतील ना? कोपऱ्यावरच्या बेकरीत वगैरे?"

"बांधल्या," बाळ्या म्हणाला.

"तिथेही असेच दात?"

ह्या वेळी त्याला प्रश्न कुठे जातोय ते कळलं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. 'हो' म्हटलं की सुटका होती. एक शब्द. वकील त्याला डोळ्यांनी तोच शब्द सांगत होता. डावीकडची जागा आणि उजवीकडची जागा, दोन्ही त्या एका शब्दाची वाट बघत होत्या.

ठिणगी त्याच्यासमोर उभी होती. फळ्याजवळच्या मुलाकडे बघते तशी ती त्याच्याकडे बघत राहिली आणि काहीच बोलली नाही.

"कोपऱ्यावर," बाळ्या म्हणाला, "कोपऱ्यावर मी एक वीट भिंतीत घुसवली होती. मस्करीत. अप्पांनी तिथल्या तिथे थोबाडीत मारली. म्हणाले, परक्याच्या भिंतीत परक्याचा दात घालतोस? भाड्याच्या जागेत अप्पांनी उभ्या जन्मात दात घातला नाही. कुणालाही विचारा. जिवंत असलेल्या कुठल्याही गवंड्याला विचारा." त्याने भट्टीच्या कवचावर हात ठेवला. "ही त्यांनी मालकाच्या घरात बांधलीय."

"मालक म्हणजे कोण?" साहेबांनी लेखणी उचलून विचारलं.

बाळ्याने आईकडे पाहिलं. लहानपणी पाव चोरताना पकडला गेला की बघायचा तसा. "काका," तो म्हणाला. "आता काकू."

वकिलाने कोट खांद्यावरून काढला आणि नीट अंगात घातला, जणू आता थंडी वाजणार होती.

आई स्टुलावरून उठली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज ठणठणीत होता. "लिहिलंत ना साहेब? सगळं? मग वाचून दाखवा. मोठ्याने वाचा. मला जरा कमी ऐकू येतं."

तिला चांगलं ऐकू येत होतं. तिला ते दोनदा ऐकायचं होतं.

सगळे गेल्यावर वकीलबाईंनी पिशवीतला तुकडा काढला, तो शिळा निघाला, तरी खाल्ला, आणि मग ठिणगीच्या पाठीत असा धपाटा घातला की त्यांचा स्वतःचाच चष्मा खाली आला. ठिणगी हसायला लागली. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग आवाज आला, आणि मग तो थांबेना. आई भट्टीच्या तोंडाशी बसून ऐकत राहिली. "बाई गं," ती म्हणाली, "हिला आवाज आहे."

कोर्टात पुढे फार काही घडलं नाही. बाळ्याने अर्ज मागे घेतला. न्यायाधीशांनी विचारलं, वडिलांनी विकलेलं तुम्हाला माहीत नव्हतं का? तो म्हणाला, "मी कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणून." मग खरेदीखत करायला सगळे नोंदणी कार्यालयात गेले. कारकून म्हणाला, इथे सही करा. आई म्हणाली, आधी वाचा. कारकुनाने पहिलं पान वाचलं. आई म्हणाली, पुढचं. मागे रांग वाढत गेली, कुणी खाकरलं, कुणी घड्याळ दाखवलं, पण तिने शेवटच्या शिक्क्यापर्यंत एकूण एक ओळ वाचून घेतली आणि मगच अंगठ्याला शाई लावली. "लिहिता येतं मला," ती कारकुनाला म्हणाली, "पण अंगठाही घ्या. आमच्या घराला अंगठ्याची सवय आहे."

भट्टी एकदम पेटवायची नसते. पहिल्या दिवशी नुसत्या काटक्या, दुसऱ्या दिवशी जराशी ढलपी, मग लाकूड. ठिणगीने हात भिंतीवर ठेवून ऊब कशी चढते ते पाहिलं, आणि आईने तिच्या हातावर चापट मारली, "तुझी शाळा तिकडे. इथे मी आहे." पहिला घाणा एका बाजूने करपला आणि एका बाजूने कच्चा राहिला, तरी फळी उघडायच्या आत गल्ली दाराशी गोळा झाली होती. करपलेला पावसुद्धा शिल्लक राहिला नाही.

रस्ता रुंद झाला. बाळ्याची इमारतही उभी राहिली, पण सरळ नाही. डावीकडून येते, बेकरीपाशी पोचते, तिला वळसा घालते आणि उजवीकडे जाते. वरच्या मजल्यांवरच्या लोकांना खालून पावाचा वास येतो, आणि बाळ्या म्हणे जागा विकताना तो वासही किमतीत धरतो.

वर्ष उलटलं. एका सकाळी आई भट्टीत खोरा घालून उभी होती आणि ठिणगी शाळेला निघताना वेणी घालत होती. दारात सावली पडली. बाळ्या होता. खांद्यावर गोणी, गोणीच्या तोंडाला दोरी, अंगावर करड्या राखेचा धुरळा. पायात साध्या चपला. तो उंबऱ्याबाहेर थांबला होता.

"काकू," तो म्हणाला, "राख भरायची होती. चाळून आणलीय." मग घसा साफ केला. "येऊ का आत?"

ठिणगीचे हात वेणीत थांबले. तिने आईकडे पाहिलं.

आईने मागे वळून पाहिलं नाही. खोरा आत सारला, पावांची एक रांग उचलली, बाहेर ओढली, फळीवर उतरवली, पुन्हा आत सारला. मग पदराने कपाळ पुसलं.

"थांब तिथेच," ती म्हणाली. "आधी माझा घाणा उतरू दे."

आणि बाळ्या थांबला.